चारच कॉलनी आल्या, म्हणून मुलगी चुकली का?

प्रश्न : माझी मुलगी बी.एस्सी. बायोटेक्नॉलॉजीच्या शेवटच्या वर्षाला आहे. दोनदा नीट देऊनही मेडिकल मिळालं नाही म्हणून इकडे आली. प्रोजेक्टसाठी तिने ई. कोलाय जिवाणूत जनुक संपादन करणारं प्लाझमिड (डीएनएचं छोटं वर्तुळ) बनवायला घेतलं. चार महिने झाले, जिवाणू मरतात. शेवटच्या प्लेटवर जिवाणूंच्या चारच कॉलनी (वाढीचे ठिपके) आल्या. मी परस्पर तिच्या मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, ‘टॉक्सिसिटी (पेशीला विषारी ठरणं) आहे, होतं असं.’ मी फोन केल्याचं कळल्यापासून मुलगी घरात धड बोलत नाही. वर म्हणते, पुढेही हेच करायचंय. करायचंच तर माणसांच्या जीन थेरपीत करावं, जिवाणूंत काय ठेवलंय? नाहीतर सरळ डेटा सायन्सचा कोर्स करावा. तिला समजावाल का?
– एक वडील

उत्तर : तिला समजावण्याआधी मला तुमच्याशीच बोलायचं आहे.

पत्रात मला सर्वांत जास्त खटकला तो फोन. सज्ञान मुलीच्या प्रोजेक्टची चौकशी तिच्या नकळत तिच्या मॅडमकडे करायची, याला मी काळजी म्हणणार नाही. ही पाळत झाली. ती बोलायची थांबली यात नवल काहीच नाही. प्रयोगशाळेत काम करणाऱ्या मुलांना घरी येऊन ‘आज काही आलं नाही’ एवढं सहज म्हणता यायला हवं. त्या एका वाक्यावरून दर वेळी तिचं अख्खं करिअर पुन्हा तपासायला काढलं जात असेल, तर ती आधी घरी गप्प बसेल. पुढे कदाचित लॅबमध्येही बिघडलेली प्लेट लपवायला शिकेल. मला या दुसऱ्या गोष्टीची जास्त भीती वाटते, कारण संशोधनात ती सवय लागली की सुटत नाही. आणि ‘मेडिकल मिळालं नाही म्हणून इकडे आली’ हे तुम्ही मला पहिल्याच ओळींत सांगितलंत. तिच्यासमोर किती वेळा म्हटलं असेल? तिला आता स्वतःचा विषय सापडला आहे. नीटचा हिशेब मिटवून टाका.

आता त्या चार कॉलनींबद्दल. जनुक संपादन म्हणजे कात्री चालवायची, नको तो तुकडा काढायचा, हवा तो जोडायचा, आणि जमलं नाही तर करणाऱ्याचा हात कच्चा, असा तुमचा समज दिसतो. तो साफ चुकीचा आहे. ही कात्री म्हणजे कॅस-९ हे प्रथिन, आणि ते डीएनएचे दोन्ही धागे कापतं. माणसाच्या पेशीत तुटलेली टोकं थेट जोडून घेणारी यंत्रणा असते. ई. कोलायकडे ती नाही. शाबूत प्रत बघून दुरुस्ती करणं त्याला जमतं, पण कॅस-९ ती प्रतही कापून टाकतं. म्हणून पेशी मरते. म्हणजे प्लेट जवळजवळ रिकामी राहणं हा बऱ्याचदा कात्री नीट चालल्याचा पुरावा असतो. गाइड आरएनए (कुठे कापायचं ते दाखवणारा रेणू) नसलेली तुलनेची प्लेट तिने बाजूला ठेवली असेल आणि ती भरगच्च असेल, तर मुलीचं काम ठीक चाललं आहे. वाचलेल्या चार कॉलनींत कदाचित हवा तो बदल झाला असेल, किंवा त्यांनी कॅस-९ वा गाइडच बिघडवून जीव वाचवला असेल. सिक्वेन्सिंग (डीएनएची अक्षरं वाचणं) केल्याशिवाय कोणीही छातीठोक सांगू शकत नाही. आणखी एक गंमत म्हणजे कापण्याची क्षमता काढून टाकलेलं कॅस-९सुद्धा जास्त प्रमाणात तयार झालं तर ई. कोलायला सोसत नाही. त्यामुळे विष नेमकं कुठून येतंय हे शोधणं हेच तिचं खरं काम आहे, आणि व्हेक्टरची (जनुक पेशीत नेणाऱ्या प्लाझमिडसारख्या वाहकाची) रचना करणाऱ्याचं कसब तिथेच लागतं. कॅस-९चं जनुक अरॅबिनोज ही साखर घातल्यावरच चालू होणाऱ्या प्रमोटरखाली (जनुकाच्या बटणाखाली) ठेवायचं आणि एरवी माध्यमात ग्लुकोज घालून ते दाबून धरायचं. पेशीत शेकडो प्रती करणाऱ्या प्लाझमिडऐवजी पाचेक प्रतींवर थांबणारं पीएससी-१०१ घराण्यातलं घ्यायचं. त्याचा तापमानाला नाजूक असलेला प्रकार ३० अंशांवर टिकतो, ३७च्या वर नेलं की पेशींच्या पुढच्या पिढ्यांतून निघून जातो, त्यामुळे काम झाल्यावर कॅस-९ मागे राहत नाही. किंवा दोन्ही धागे न कापता एकच अक्षर बदलणारा बेस एडिटर वापरून बघायचा.

‘जिवाणूंत काय ठेवलंय’ याचं उत्तर : हे सगळं शास्त्र तिथूनच आलं. कॅस-९ ज्या क्रिस्पर यंत्रणेतलं आहे, तिची डीएनएमधली पुनरावृत्त रचना १९८७मध्ये जपानी संशोधकांना ई. कोलायमध्येच प्रथम दिसली. २०१२मध्ये शार्पेंटिए आणि डाउडना यांनी ज्या कॅस-९चा कात्री म्हणून उपयोग दाखवला, ते स्ट्रेप्टोकॉकस पायोजेनिस या जिवाणूचं होतं. त्यासाठी त्यांना २०२०चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. सिकलसेलवरच्या क्रिस्पर उपचाराला २०२३मध्ये मान्यता मिळाली, ती बातमी बहुधा तुमच्या डोक्यात असेल. पण माणसाच्या पेशींसाठी बनवलेलं प्लाझमिडही आधी ई. कोलायमध्येच वाढवावं लागतं आणि तिथेही ते पेशीला जड जाऊ शकतं. जीन थेरपीत काम करायचं असलं तरी ही विद्या तिला लागणारच आहे.

पुढचे रस्ते माहितीतले आहेत : एम.एस्सी.साठी जॅम, गॅट-बी किंवा सीयूईटी-पीजी, त्यानंतर पीएच.डी.साठी नेट किंवा गेट. एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगतो. नुसत्या बी.एस्सी.वर व्हेक्टर डिझाइन करण्याचं काम सहसा मिळत नाही. एम.एस्सी.ची दोन आणि पीएच.डी.ची पाचेक वर्षं धरून चाला. तेवढा काळ घरचा आधार देता येणार नसेल तर ते तिला आत्ताच प्रामाणिकपणे सांगा, म्हणजे एम.एस्सी.नंतर एन्झाइम वा प्रथिनं बनवणाऱ्या कंपन्यांमधली नोकरी धरून तिला आखणी करता येईल. पायथन तिने जरूर शिकावं, सिक्वेन्सिंगचा डेटा वाचायला उपयोगी पडेल. पण शिक्षा म्हणून डेटा सायन्सला पाठवू नका.

तुमच्या पत्रात तिचा स्वतःचा एकही प्रश्न नाही, म्हणून तिच्यासाठी सल्ला मी इथे देत नाही. फोनबद्दल तिची माफी मागा आणि तिला वाटलं तर तिलाच लिहू द्या. लिहिताना प्रमोटर कोणता, प्लाझमिडच्या प्रती साधारण किती, गाइडशिवायच्या प्लेटवर किती कॉलनी आल्या आणि त्या चार कॉलनींचं सिक्वेन्सिंग झालं का, एवढं कळवायला सांगा.