तक्ता काढू नका, बाकी हवं ते काढा

तुमची पोस्ट वाचली आणि राहवलं नाही. अनंताच्या प्रकारांवर तुम्ही लेख लिहिलाय, शाळा-कॉलेजच्या मुलांना आणि गणित कधीच सुटलेल्या मोठ्यांनाही कळावा असा, आणि संपादकांचं म्हणणं आलंय की आकड्यांचा तक्ता आणि सिद्धता काढा, फक्त कल्पना ठेवा, नाहीतर वाचक पळतील. काढू का, असं तुम्ही विचारताय. माझ्याबाबतीत हेच झालं होतं, विषयसुद्धा हाच होता, त्यामुळे सरळ सांगतो: काढू नका.

भाषा सोपी, वाक्यं छोटी, व्याख्येने सुरुवात नको वगैरे तुम्हाला माहितीच आहे, त्यात शिरत नाही.

माझा लेख एका प्रकाशनाकडे गेला होता, नाव घेत नाही. त्यांच्या संपादन विभागाने तक्ता काढला. जागा नाही म्हणून काढला असता तरी एक वेळ चाललं असतं, पण तिथे जी पोकळी राहिली ती त्यांनी स्वतःचं वाक्य घालून भरली. वाक्य साधारण असं होतं की ० आणि १ च्या मध्ये कितीही जवळच्या दोन संख्या घ्या, त्यांच्यामध्ये आणखी एक सापडतेच, म्हणून हा अनंत १, २, ३ च्या अनंतापेक्षा मोठा. वाचायला किती छान वाटतं बघा! आणि निष्कर्ष बरोबर असला तरी कारण साफ चूक आहे. कारण नुसते अपूर्णांक घेतले तरी हेच होतं, १/३ आणि १/२ च्या मध्ये २/५ आहे, त्यांच्या मध्ये अजून, असं संपतच नाही. तरीही सगळ्या अपूर्णांकांची यादी करता येते: आधी ज्यांच्या अंश-छेदाची बेरीज २ ते लिहा, मग ३, मग ४. प्रत्येक बेरजेला मोजकेच अपूर्णांक येतात, म्हणून प्रत्येकाचा नंबर कधी ना कधी लागतोच. म्हणजे अपूर्णांक १, २, ३ इतकेच "आहेत". त्या वाक्याने दिलेलं कारण इथेही लागू पडतं आणि उत्तर मात्र उलटं येतं.

ते माझ्या नावाने छापून आलं. अंतिम प्रत मला दाखवलीच नव्हती. फोन केला तर म्हणाले मांडणीवाल्यांशी बोला, मांडणीवाले म्हणाले मजकूर आमच्याकडे नसतो, मेलला उत्तर आलं की इतक्या तांत्रिक गोष्टीसाठी दुरुस्ती छापत नाही. तांत्रिक! लेखाचा जीवच तो होता. नंतर मुलं लेख घेऊन माझ्याकडे यायची आणि मोठ्या विश्वासाने सांगायची की मध्ये संख्या सापडतात म्हणून मोठा, आणि ते डोक्यातून काढायला मला कोऱ्या मुलाला शिकवण्यापेक्षा जास्त वेळ लागायचा. ज्याला माहीत नसतं तो विचारतो. ज्याला चुकीचं कारण पटलेलं असतं तो विचारतच नाही. याचा मला आजही राग येतो.

आता तुमच्या तक्त्याबद्दल. ० ते १ मधल्या संख्यांचा अनंत खरंच मोठा का, हे दाखवणारी ही युक्ती जर्मन गणितज्ञ कँटरने १८९१ मध्ये मांडली आणि ती समजायला दशांश चिन्हापलीकडे काही लागत नाही. समजा कोणी म्हणालं की ० ते १ मधल्या सगळ्या संख्यांची यादी माझ्याकडे आहे:

१) ०.५१७४...
२) ०.३३३३...
३) ०.२७१८...
४) ०.९०४६...

पहिल्या ओळीतला पहिला अंक घ्या, दुसरीतला दुसरा, तिसरीतला तिसरा, असं तिरपं खाली या: ५, ३, १, ६. आता नियम करा, ५ असेल तिथे ६ लिहायचा, दुसरं काहीही असेल तिथे ५. तयार होते ०.६५५५... ही संख्या पहिलीपेक्षा पहिल्या अंकात वेगळी, दुसरीपेक्षा दुसऱ्या अंकात, दहा लाखाव्या संख्येपेक्षा दहा लाखाव्या अंकात. म्हणजे यादीत ती कुठेच नाही. कुठलीच यादी पुरी पडत नाही, म्हणून हा अनंत १, २, ३ च्या अनंतापेक्षा मोठा. बस, एवढंच. (५ आणि ६ च का, तर ०.४९९९... आणि ०.५ ही एकच संख्या दोन वेशांत येते, ती भानगड टाळायला. ९ आणि ० वापरू नका.)

माझा अनुभव असा की हे वाचून कोणी पळत नाही, इथे लोक थांबतात आणि भांडायला लागतात, आणि तेच तर आपल्याला हवंय. पहिला प्रश्न हमखास येतो, "मग ती नवी संख्या यादीत घालून टाका की". घाला, पण नव्या यादीवर हीच कृती परत चालते, आपण कुठल्याही यादीबद्दल बोलतोय. दुसरा प्रश्न हुशार मुलं विचारतात, "हेच अपूर्णांकांच्या यादीवर का चालत नाही?" चालतं, पण तिरपं येऊन जी संख्या मिळते ती अपूर्णांक असेलच असं नाही, त्यामुळे अपूर्णांकांच्या यादीतून काही सुटलं असं सिद्ध होत नाही. हे दोन्ही प्रश्न लेखातच घ्या, तक्त्याच्या लगेच खाली. तक्ता नसेल तर हे प्रश्न पडायला जागाच राहत नाही.

समीकरण दिसलं की वाचक जातो हे कुठून आलं म्हणाल, तर भौतिकशास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंगनी १९८८ च्या त्यांच्या गाजलेल्या पुस्तकात लिहिलंय की प्रत्येक समीकरणामागे खप निम्मा होईल असं त्यांना कोणीतरी सांगितलं होतं, म्हणून त्यांनी एकच ठेवलं. पण ते पुस्तक विश्वाबद्दल होतं. तिथे समीकरण काढलं तरी तारे, कृष्णविवरं, काळ, सांगायला बरंच उरतं. गणितात युक्तिवाद काढला की "अद्भुत", "थक्क करणारं" एवढीच विशेषणं उरतात, आणि नुसत्या विशेषणांनी कोणाला काही कळत नाही. हे माझं मत, कोणाला टोकाचं वाटेल.

मग कापायचं काय? मी असतो तर कँटरचं चरित्र कापलं असतं, संचांची चिन्हं कापली असती, आणि ते अनंत खोल्यांचं हॉटेलही, जे भरलेलं असलं तरी सगळ्यांना एकेक खोली पुढे सरकवून नव्या पाहुण्याला जागा करता येते. त्या हॉटेलवर सगळ्यांचं प्रेम आहे मला माहितीये, पण त्यातून वाचक एवढंच घेऊन जातो की अनंतात कितीही घाला, मावतंच. मग दोन पानांनी आपण सांगायचं की नाही, एक अनंत मावत नाही, तर तो गोंधळणारच. स्वतंत्र लेख करा त्याचा.

बाकी किरकोळ. अंतिम प्रूफ मला दाखवल्याशिवाय छापणार नाही, हे आधी लेखी घ्या, तोंडी काही खरं नाही. प्रूफात घातांक आधी बघा, मांडणी बदलली की ते खाली उतरतात आणि २ चा दहावा घात थेट २१० होऊन बसतो, म्हणजे १०२४ च्या जागी दोनशे दहा. आणि लेख गणित न येणाऱ्या एकाला तुमच्यासमोर वाचायला द्या, कळलं का विचारू नका, तक्ता झाकून तुम्हीच मला सांगा म्हणा. जिथे तो अडेल तिथेच तुमचं वाक्य कच्चं आहे.

अर्थात मी काही संशोधक नाही, शिकवणारा माणूस आहे, आणि परीक्षेच्या तयारीतल्या मुलांसाठी लिहायचं असेल तर यातलं बरंच लागू पडणार नाही. प्रत्येक सिद्धता अशी मोकळी होते असंही नाही. कुठलाही नकाशा शेजारचे भाग वेगळ्या रंगांत ठेवून चारच रंगांत रंगवता येतो, याची १९७६ ची सिद्धता कॉम्प्युटरवर झाली, तिथे फक्त रूपरेषाच देता येते, आणि मग "ही रूपरेषा आहे" असं स्पष्ट लिहायचं.

पुढचा लेख गटांवर (म्हणजे एकामागून एक करता येणाऱ्या आणि उलटवता येणाऱ्या हालचालींच्या संचावर) करायचा म्हणताय आणि व्याख्या कुठे घालू विचारताय, तर शेवटी. गटांची कल्पना वापरणारा फ्रेंच गणितज्ञ गाल्वा १८३२ मध्ये गेला, त्याचं काम १८४६ मध्ये छापलं गेलं, आणि गटाची अमूर्त व्याख्या द्यायचा इंग्रज गणितज्ञ आर्थर केली याचा प्रयत्न १८५४ चा. म्हणजे गणितज्ञांनीसुद्धा आधी वापरलं, मग व्याख्या केली. पुठ्ठ्याचा समभुज त्रिकोण कापायला सांगा, कोपऱ्यांना दोन्ही बाजूंनी १, २, ३ लिहायला लावा. आधी एक फिरवा आणि मग उलटा, नंतर पहिल्यापासून आधी उलटा आणि मग फिरवा. वरच्या टोकाला दोन्ही वेळा वेगळा आकडा येतो, तो वाचकाला स्वतःला बघू दे. अशा एकूण सहाच हालचाली आहेत, त्यांचा सहा बाय सहाचा तक्ता होतो. तोही कोणी काढायला सांगितला तर इथे लिहा, संपादकांना पाठवायचं पत्र मी लिहून देतो.