दहा नावांचा कागद, कृपा आणि सुवार्ता

प्रभूच्या नावात सलाम.

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. तुम्ही नोकरीसाठी पुण्यात खोली घेऊन राहता. मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, तरुण संघाने प्रत्येकाला महिन्याभरात दहा जणांना सुवार्ता, म्हणजे येशूचा शुभसंदेश, सांगून त्यांची नावे कागदावर लिहून आणायला सांगितले आहे, आणि खोलीतल्या मित्राचे नाव त्या कागदावर लिहावे की नाही, या विचाराने तुम्हाला झोप लागत नाही. त्यातच तुम्ही लिहिले आहे की या मित्राने एकदा स्वतःहून विचारले होते, ‘दर रविवारी इतक्या सकाळी उठून तू का जातोस?’, आणि तुम्ही ‘घरच्यांना बरे वाटते म्हणून’ असे सांगून विषय संपवला. त्यावरचा तुमचा शेवटचा प्रश्न असा आहे: मी प्रभूला नाकारले का?

मी नगर जिल्ह्यातल्या एका मंडळीत चाळीस वर्षे रविवारच्या शाळेत शिकवले आहे, म्हणून आधी या शेवटच्या प्रश्नाकडेच वळतो. सुवार्ता सांगण्याबद्दल बोलताना आपण येशूचा शिष्य पेत्र याच्या, बायबलमधल्या पहिल्या पत्रातल्या तिसऱ्या अध्यायाचा हमखास दाखला देतो. तुमच्या ठायी असलेल्या आशेबद्दल जो विचारेल त्याला उत्तर द्यायला सदैव तयार असा, पण ते सौम्यतेने आणि आदराने द्या, असे तिथे सांगितले आहे. हे लिहिणारा माणूस कोण होता, हे मात्र आपण विसरतो. महायाजकाच्या वाड्यात कोळशाच्या शेकोटीपाशी उभा असताना ‘तूही त्याच्याबरोबरचाच ना?’ या साध्या प्रश्नाला ज्याला तीनदा खरे उत्तर देता आले नाही, तोच हा पेत्र. पुनरुत्थानानंतर सरोवराच्या काठी प्रभूने पुन्हा कोळशाचाच विस्तव पेटवून ठेवला होता, त्यावर मासळी भाजत होती, आणि तिथे त्याने पेत्राला जाब विचारला नाही. आधी जेवायला बोलावले, मग ‘माझ्यावर प्रेम करतोस का?’ असे तीनदा विचारले आणि तिन्ही वेळा मेंढरे राखण्याचे, म्हणजे आपली माणसे सांभाळण्याचे, काम त्याच्या हाती दिले. आपण ज्या कृपेबद्दल बोलतो ती अशी आहे. तुमचे ते अर्धवट उत्तर या कृपेच्या बाहेर पडलेले नाही.

आता त्या कागदाबद्दल. तुमच्या संघाच्या नेत्याचा हेतू वाईट असेल असे मला वाटत नाही. त्याला तळमळ आहे आणि तळमळीला मोजमाप असावे असे त्याला वाटले असेल. पण इफिसकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात प्रेषित पौल सांगतो की तारण, म्हणजे पापातून सुटका, हे कृपेने, विश्वासाच्या द्वारे झालेले आहे, ते आपल्या हातून झालेले नाही, ते देवाचे दान आहे, आणि कोणी बढाई मारू नये म्हणूनच ते तसे आहे. जे आपल्याला हिशेबाने मिळाले नाही ते दुसऱ्याला देताना आपण वही उघडून बसलो, तर ऐकणाऱ्याच्या हाती कृपा पडत नाही, तो फक्त आपल्या हिशेबातली एक नोंद होतो. करिंथकरांनाही पौलाने हेच सांगितले होते: मी लावले, अपुल्लोसाने पाणी घातले, पण वाढवणारा देव आहे. लावणाऱ्याला आणि पाणी घालणाऱ्याला काम आहे, श्रमही आहेत. पीक मात्र त्यांच्या नावावर नाही.

आपल्या मराठी मंडळीच्या इतिहासात याचा जो दाखला मला सर्वांत जवळचा वाटतो तो कवी नारायण वामन टिळकांचा आहे. १८९३ मध्ये ते नागपूरहून राजनांदगावला आगगाडीने निघाले होते. डब्यात एक युरोपीय प्रवासी भेटला, कवितेवर आणि धर्मावर बोलणे झाले, आणि त्याने टिळकांना नव्या कराराची, म्हणजे बायबलमधल्या येशूविषयीच्या भागाची, प्रत देऊन ती वाचण्याचा आग्रह केला. दिलेल्या शब्दाखातर टिळक वाचू लागले आणि डोंगरावरील प्रवचनापाशी खिळून राहिले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्या प्रवाशाने एक संभाषण केले आणि एक पुस्तक दिले. बाकीचे सगळे त्याच्या डोळ्यांआड घडले. टिळक स्वतः पुढे म्हणत की तुकोबांच्या अभंगांच्या सेतूवरून आपण ख्रिस्ताच्या चरणांपाशी आलो. त्या सेतूचे दगड प्रवासी भेटण्याच्या कितीतरी आधी रचले गेले होते, आणि ते प्रवाशाने रचलेले नव्हते.

पण त्याच घरातली दुसरी गोष्ट अधिक शिकवणारी आहे. टिळकांच्या बाप्तिस्म्याने त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळले. मुलाला घेऊन त्या कित्येक वर्षे आप्तांकडे राहिल्या. पुढे त्या टिळकांकडे परत आल्या तरी सोवळेओवळे पाळतच राहिल्या, आणि टिळकांनी त्यांना तसे राहू दिले. जातिभेद देवाने केलेला नसून माणसाने केलेला आहे, हे त्यांना त्यांच्या स्वतःच्या विचारातून उमगले, आणि मग १९०० मध्ये त्यांनी आपल्या मनाने बाप्तिस्मा घेतला. हा सगळा प्रवास त्यांनी ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रामध्ये स्वतः सांगितला आहे. ज्याची वाणी ऐकायला माणसे जमत त्या कवीला आपल्याच घरात वर्षानुवर्षे थांबावे लागले. तुमच्या संघाने एक महिना दिला आहे.

पंडिता रमाबाईंचे उदाहरण वेगळ्या कारणासाठी सांगतो. त्यांचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडमधल्या वाँटेज येथे झाला. त्यानंतर जवळजवळ आठ वर्षांनी त्यांना जाणवले की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, पण ज्या ख्रिस्तामुळे तो धर्म आहे तो अजून भेटला नाही. आणि हे त्यांनी पुढे मोकळेपणाने लिहून ठेवले. संस्कृत शास्त्रांत पारंगत आणि शारदा सदनाची स्थापना केलेली ही विदुषी, तिलाही आपले सगळे ज्ञान आणि सगळी सेवा बाजूला ठेवून रिकाम्या हाताने दान घ्यावे लागले. तुम्ही मित्राला जे सांगणार आहात ते तुम्हाला स्वतःला अजून धर्म म्हणूनच माहीत आहे की भेट म्हणून, हे आधी प्रार्थनेत पाहा. हा टोमणा नाही. मला हे कळायला वयाची पस्तिशी उलटावी लागली.

शब्दांबद्दलही थोडे लिहितो, कारण आपली माणसे इथेच अडखळतात. आपण एखाद्याला ‘तू पापी आहेस’ म्हणतो तेव्हा मराठी कानाला पाप आणि पुण्य ही जोडी ऐकू येते, म्हणजे जमाखर्चाची दोन पाने. ऐकणाऱ्याला वाटते, हा म्हणतो आहे की माझ्या खर्चाचे पान भरले आहे आणि याच्याकडे जमा आहे. साहजिकच त्याला तो अपमान वाटतो. नव्या करारात पापाच्या समोर पुण्य उभे नाही, कृपा उभी आहे. वहीच फाडली गेली आहे, सांगणाऱ्याची आणि ऐकणाऱ्याची दोघांचीही. म्हणून या शब्दाची सुरुवात नेहमी स्वतःपासून करावी. ‘फुकट’ या शब्दाचेही तसेच. तुम्हाला फुकट मिळाले, फुकट द्या, असे प्रभूने शिष्यांना सांगितले. पण आपल्याकडे फुकटचे ते हलके असा समज आहे, आणि फुकट मिळणाऱ्या वस्तूमागे काहीतरी डाव असणार असा संशयही असतो. हे दान आपल्यासाठी फुकट आहे याचे कारण त्याची किंमत वधस्तंभावर दिली गेली, हे सांगितल्याशिवाय तो शब्द एकटा सोडू नये. कृपा हा शब्द मात्र वारकरी परंपरेतल्या माणसाला आपण शिकवण्याची गरज नाही. त्याने तो आपल्याइतक्याच आर्ततेने उच्चारलेला असतो. तिथे आधी ऐकावे, आणि मग आपल्याला ती कोणाच्या चेहऱ्यात दिसली ते सांगावे.

मदतीच्या बाबतीत मी कठोर आहे आणि त्याला कारण आहे. १८७६-७७ च्या दुष्काळाच्या सुमारास आमचे पूर्वज ख्रिस्ती झाले. गावकुसाबाहेरची माणसे, घरात दाणा नाही, आणि मिशनच्या कामावर मजुरी मिळत होती. ‘धान्यासाठी बाटलेले’ हे शब्द माझ्या आजोबांनी ऐकले, वडिलांनी ऐकले आणि शाळेत मीही ऐकले. पोटाला अन्न मिळाले तेही देवाचेच दान होते असे मी मानतो, आणि ज्यांना पाणवठ्यावर जाऊ दिले जात नव्हते त्यांना प्रभुभोजनाच्या मेजाशी बसायला जागा मिळाली याची मला लाज नाही. पण म्हणूनच मी कधीही मदत आणि सुवार्ता एका हाताने देत नाही. मित्राला उसने पैसे दिले असतील, आजारपणात डबा आणून दिला असेल, तर त्या दिवशी प्रभूबद्दल तोंड उघडू नका. त्याला ‘नाही’ म्हणणे अवघड होईल असा कोणताही क्षण सुवार्तेचा नाही. राज्यघटनेच्या कलम २५ ने आपल्याला धर्माचा प्रसार करण्याचा हक्क दिला आहे, आणि १९७७ च्या स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही. कायद्याची भाषा वेगळी असते, पण विश्वास ठेवणाऱ्याने यात दुखावून जावे असे मला काही दिसत नाही. दुसऱ्याचे मन पालटण्याची शक्ती आपल्याकडे कधी नव्हतीच.

माझ्या हातून झालेली चूक सांगतो. कार्यालयातल्या एका सहकाऱ्याची आई वारली होती. तो दहाव्यानंतर कामावर आला त्याच दिवशी मी त्याच्या टेबलावर सार्वकालिक जीवनाबद्दलची छापील पत्रिका ठेवली. त्याने ती वाचली, घडी घालून खणात ठेवली, आणि त्यानंतर कित्येक महिने तो माझ्याशी कामापुरतेच बोलला. पत्रिकेतले प्रत्येक वाक्य खरे होते. पण मी त्याच्या आईचे नावसुद्धा विचारले नव्हते. लाजराच्या कबरेपाशी येशू आधी रडला, हे मी मुलांना दर वर्षी शिकवत होतो. पुढे माझी पत्नी आजारी पडली तेव्हा तो इस्पितळात येऊन रात्रभर बाकावर बसला, आणि तिथे मी त्याची क्षमा मागितली. पहाटे त्याने विचारले, ‘तुम्ही मघापासून डोळे मिटून काय म्हणताय?’ मी म्हणत होतो ते स्तोत्र त्याला ऐकवले, तेविसावे. तो ख्रिस्ती झाला नाही. आम्ही दोघेही निवृत्त झालो आहोत, तो अजून घरी येतो, आणि मी त्याच्यासाठी रोज प्रार्थना करतो. हे त्याला ठाऊक आहे.

तर कागदावर मित्राचे नाव लिहू नका. संघाच्या नेत्याला एकट्याला भेटा आणि हे नाव मी प्रार्थनेत घेतो, यादीत देणार नाही, असे आदराने सांगा. तो रागावला तर पाळकसाहेबांशी बोला. बहुतेक पाळकांना हे पटेल.

आणि मित्राने विचारलेला प्रश्न अजून तुमच्याकडे उत्तरावाचून पडला आहे. त्याला नवा प्रसंग शोधायला नको, तयारी करून भाषण द्यायला नको. चहाच्या वेळी एवढेच म्हणा की, ‘तू मला रविवारबद्दल विचारले होतेस, तेव्हा मी खरे सांगितले नाही.’ मग जे खरे आहे ते तुमच्या शब्दांत दोन-चार वाक्यांत सांगा, आणि त्याने विषय बदलला तर बदलू द्या.