मुलाच्या विद्यापीठातले फादर

प्रश्न : फादर, नमस्कार. आम्ही सावद्याचे. केळीची शेती आहे. घर माळकरी, माझे सासरे आषाढीला मुक्ताईच्या पालखीबरोबर पायी जायचे. धाकटा मुलगा सप्टेंबरपासून डब्लिनला एम.एस्सी. करतोय. दिवाळीनंतर त्याच्या बोलण्यात ‘चॅप्लेन’ हा शब्द यायला लागला. चॅप्लेनकडे सूप प्यायलो, चॅप्लेनशी बोलत बसलो. मी बांधून दिलेल्या बिबड्यासुद्धा त्याने तिथल्या स्वयंपाकघरात तळून सगळ्यांना खाऊ घातल्या. खोदून विचारलं तेव्हा कळलं की ते कॅथलिक पाद्री आहेत. घरात सगळे धास्तावलेत. जाऊबाई म्हणतात, पोरगा हातचा गेला. हे चॅप्लेन नेमकं काय करतात? माझ्या मुलाचा धर्म बदलतील का?
— एक आई, सावदा

उत्तर : ताई, तुम्ही आडपडदा न ठेवता विचारलंत, तर मीही आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देतो. चॅप्लेनला तुमच्या मुलाचा धर्म बदलता येत नाही आणि तसा प्रयत्न करायचा त्याला अधिकारही नाही. जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या म्हणजे वरिष्ठ धर्मगुरूंच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली धर्मस्वातंत्र्याविषयीच्या जाहीरनाम्यात स्पष्ट म्हटलं आहे की, श्रद्धेचा प्रसार करताना बळजबरीचा किंवा अप्रामाणिक मन वळवणीचा वाससुद्धा येता कामा नये, विशेषतः समोरचा माणूस गरीब किंवा अशिक्षित असेल तेव्हा. परमुलखात एकटं पडलेलं पोर त्याच नाजूक अवस्थेत असतं, असं मी मानतो. एखाद्या प्रौढाने स्वतःहून बाप्तिस्मा मागितला तरी त्याची तयारी कित्येक महिने, बहुतेकदा वर्षभर चालते. सुपाच्या वाटीवर कुणी ख्रिस्ती होत नाही. पण एक गोष्ट तुमच्यापासून लपवणार नाही. चॅप्लेन श्रद्धावान माणूस असतो. तुमच्या मुलाने येशूबद्दल विचारलं तर तो मनापासून सांगेल. तुमच्या मुलानेही त्याला मुक्ताईबद्दल मनापासून सांगावं.

आता चॅप्लेन म्हणजे कोण. चौथ्या शतकात मार्टिन नावाचा एक रोमन सैनिक होता. फ्रान्समधल्या आमियाँ शहराच्या वेशीवर थंडीने कुडकुडणारा भिकारी दिसला, तेव्हा त्याने तलवारीने आपल्या अंगावरच्या झग्याचे दोन तुकडे केले आणि एक त्याला दिला, अशी कथा आहे. पुढे त्या झग्याचा तुकडा फ्रँक राजांनी जपून ठेवला. लॅटिनमध्ये त्या छोट्या झग्याला ‘कापेला’ म्हणत, म्हणून त्याची राखण करणारे धर्मगुरू झाले ‘कापेलानी’. चॅप्लेन हा शब्द तिथून आला. मार्टिनचा सण ११ नोव्हेंबरला असतो. डब्लिनला त्या दिवसांत साडेचारलाच अंधारून येतं. मे महिन्यात तापणाऱ्या सावद्यातून गेलेल्या पोराला ते कसं वाटत असेल, हे मला नुसत्या कल्पनेनेही जाणवतं.

आमच्या धर्मग्रामाच्या फादरकडे एक परिसर सोपवलेला असतो, चॅप्लेनकडे माणसांचा एक गट: कैदी, सैनिक, रुग्ण, विद्यार्थी. बिशपांनी विद्यार्थ्यांची विशेष काळजी घ्यावी आणि कॅथलिक नसलेल्या विद्यापीठांतही त्यासाठी केंद्र असावं, असं आमच्या ख्रिस्तसभेच्या म्हणजे चर्चच्या कायद्याचं कलम ८१३ सांगतं. कायद्याप्रमाणे चॅप्लेन धर्मगुरूच असतो, पण ब्रिटन-आयर्लंडमध्ये आज हे काम संसारी माणसं आणि बायकाही करतात. रविवारची मिस्सा, म्हणजे सामुदायिक उपासना, असतेच. बाकीचा आठवडा चहा, सूप, शांत बसायला एक खोली, घरभाड्याची अडचण, प्रेमभंग, वडील गेल्याचा फोन आल्यावर विमानाच्या तिकिटाची धावपळ. दार सगळ्यांना उघडं असतं. डब्लिनमध्ये तर या कामाला जुना वारसा आहे. संत जॉन हेन्री न्यूमन १८५४ साली तिथल्या कॅथलिक विद्यापीठाचे पहिले रेक्टर म्हणजे प्रमुख झाले आणि सेंट स्टीफन्स ग्रीनवर त्यांनी विद्यापीठाचं चर्च बांधून घेतलं. ते १८५६ मध्ये उघडलं, आजही उभं आहे. मुलाला सांगा, एकदा आत जाऊन बसून ये. बघायला पैसे पडत नाहीत.

मी स्वतः भुसावळच्या रेल्वे क्वार्टरमध्ये वाढलो. वडील लोको शेडमध्ये फिटर होते. धर्मगुरू झाल्यावर बरीच वर्षं जळगावात कॉलेजच्या मुलांचं काम माझ्याकडे होतं. पहिल्या वर्षांत मला वाटायचं, चांगलं प्रवचन दिलं की झालं. एक मुलगी झोप लागत नाही म्हणून आली होती. मी तिला ‘प्रार्थना कर’ म्हटलं आणि मिस्सेची वेळ झाली म्हणून उठलो. ती परत आली नाही. शिक्षण अर्ध्यावर सोडून गेली, एवढंच नंतर कळलं. ती चूक माझी, आणि मी ती विसरलेलो नाही.

पुढच्या वर्षी एक मुलगा आला. (ही गोष्ट त्याच्या परवानगीने सांगतोय, ओळखीच्या खुणा बदलून.) धडगावच्या बाजूचा पावरा आदिवासी, घराण्यात पहिला शिकणारा, इंजिनीअरिंगचं पहिलं वर्ष. ख्रिस्ती नव्हता. ख्रिस्ती रूममेट त्याला हाताला धरून घेऊन आला. एप्रिलचा महिना, संध्याकाळी सातलाही भिंती तापलेल्या. तीन दिवस तो यायचा, माठातलं पाणी प्यायचा आणि कूलरसमोर गप्प बसायचा. मीही काही विचारलं नाही. चौथ्या दिवशी म्हणाला, ‘फादर, चार विषय राहिले. घरी पास सांगितलंय.’ फीसाठी बापाने बैल विकला होता. मग बराच वेळ गप्प राहून म्हणाला, ‘सकाळ होऊच नये असं वाटतं.’

मी त्याला सरळ विचारलं, जीव द्यायचा विचार येतो का? असं विचारल्याने तो विचार कुणाच्या डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते, हे मी तोवर शिकलो होतो. त्याने मान हलवली. त्या रात्री मी आणि रूममेटने त्याला एकटं सोडलं नाही. दुसऱ्या दिवशी स्कूटरवर बसवून मानसोपचारतज्ज्ञांकडे नेलं, बाहेर बाकड्यावर बसून राहिलो. औषधं सहा महिने चालली. सुट्टी लागल्यावर आम्ही दोघं एस.टी.ने शहादामार्गे त्याच्या गावी गेलो. बापाने सगळं ऐकून घेतलं, उठून अंगणात खाट टाकली आणि म्हणाला, ‘आधी जेवा.’ पोराने विषय काढले, चार वर्षांचे पाच झाले. मी त्याला एकदाही बायबल दिलं नाही, त्याने मागितलंही नाही. चॅप्लेनचं काम काय असं मला कुणी विचारलं, की मला ते बाकडं आठवतं.

तुमच्या मनात आणखी एक शंका असेल: हे लोक मुलाच्या गोष्टी कुणाला सांगतात का? कॅथलिक माणसाने पापनिवेदनात, म्हणजे फादरपुढे आपल्या पापांची कबुली देताना, सांगितलेलं आम्ही पोलिसांना, बिशपांना, त्याच्या आईलासुद्धा सांगू शकत नाही. जाणूनबुजून सांगणारा फादर ख्रिस्तसभेतून बहिष्कृत होतो. तुमचा मुलगा जे बोलतो ते पापनिवेदन नव्हे, विश्वासाने केलेलं बोलणं आहे. तेही बाहेर जात नाही, मात्र जिवाला धोका दिसला तर डॉक्टरांना सांगणं हे आमचं कर्तव्यच असतं. त्यामुळे चॅप्लेनला फोन करून ‘आमचा मुलगा काय म्हणतो’ विचारू नका. तो सांगणार नाही, आणि तुम्ही विचारलंत हे मुलाला कळलं तर तो तुमच्यापाशी बोलायचा कमी होईल.

त्याऐवजी मुलाशीच बोला. धर्माचा विषय पहिल्या फोनला काढू नका. झोप लागते का, स्वयंपाक कोण करतं, अंधार पडल्यावर काय करतोस, हे विचारा. जाऊबाईंना फोनपासून थोडं लांब ठेवा. आणि पुढच्या पार्सलमध्ये बिबड्या जास्त घाला. तुमच्या हातचं त्याने चार अनोळखी माणसांत वाटून खाल्लं, म्हणजे सावदा तो बरोबर घेऊन गेलाय.

प्रश्न : आम्ही सात-आठ कॅथलिक मुलं-मुली, बहुतेक नंदुरबार जिल्ह्यातले, जळगावात शिकतो. आमच्यासाठी कुणी चॅप्लेन नाही. काय करावं?
— एक विद्यार्थिनी, जळगाव

उत्तर : कवयित्री बहिणाबाई चौधरी विद्यापीठाचा पसारा जळगाव, धुळे, नंदुरबार असा तीन जिल्ह्यांचा आहे, कॉलेजं विखुरलेली आहेत. चॅप्लेनची वाट बघत बसू नका. सात-आठ म्हणजे पुष्कळ झाले. रविवारच्या मिस्सेनंतर फादरना भेटा आणि महिन्यातून एक संध्याकाळ मागा. आपला नाशिक धर्मप्रांतही लांबरुंद आहे, त्यामुळे त्यांची धावपळ असते, पण मागणी लेखी द्या, कलम ८१३ चा उल्लेख करून बिशपांनाही पाठवा. ऑल इंडिया कॅथलिक युनिव्हर्सिटी फेडरेशन ही विद्यार्थ्यांची संघटना १९२४ पासूनची आहे, तिचा गट कॉलेजात सुरू करता येतो. गटात ख्रिस्ती नसलेल्या मैत्रिणींनाही घ्या.

आणि कुणाची रात्र जड जात असेल तर टेली मानस या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालू असतो, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. तो होस्टेलच्या नोटीस बोर्डावर लावा. वॉर्डनची परवानगी लागली तर माझं नाव सांगा.