देवाला दिलेली तारीख

"भावाच्या मणक्याला मार लागून पाच महिने झाले. फिजिओ म्हणतात, आता व्हीलचेअर घ्या. आई म्हणते, खुर्ची घरात आली की पाय गेलेच समजा. देवावर विश्वास असेल तर थांबा. मी कुणाचं ऐकू?"

एका बहिणीने विचारलेला हा प्रश्न. महिन्यातून एकदा तरी तो माझ्यासमोर येतो, कधी बायकोच्या तोंडून, कधी बापाच्या. त्याचं उत्तर देण्याआधी मला एका घराबद्दल सांगायचं आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

लोणंदजवळचं गाव. मुलगा 31 वर्षांचा, लग्न झालेलं, पदरात चार वर्षांची मुलगी. माघात विहिरीतली मोटर वर काढताना पायाखालचा दगड सुटला आणि तो पाठीवर आपटला. लोकांनी गोधडीत गुंडाळून जीपमध्ये घातलं. पाठीचा दहावा मणका फुटला होता. ऑपरेशन झालं, सळया-स्क्रू बसले. पाच आठवड्यांनी आमच्या पुनर्वसन केंद्रात आला तेव्हा बेंबीखाली स्पर्श कळत नव्हता, लघवीची नळी होती आणि माकडहाडावर तळहाताएवढी जखम झाली होती. घर वारकऱ्यांचं. अकरा वर्षं तो पालखीबरोबर पायी गेला होता, दिंडीत पखवाज वाजवायचा. दोन दिवसांत सगळा वॉर्ड त्याला 'माउली' म्हणायला लागला. तो मात्र भिंतीकडे तोंड करून पडलेला.

पहिल्या आठवड्यात एकच वाक्य बोलला. "ताई, ज्या पायांनी त्याच्याकडे गेलो तेच पाय त्याने घेतले. माझं काय चुकलं?"

मी उत्तर दिलं नाही. या प्रश्नाला उत्तर देण्याची घाई करणारे खूप असतात. कुणी पूर्वकर्म सांगतं, कुणी परीक्षा म्हणतं, कुणी 'देव वगैरे काही नसतं' म्हणतं. तिन्हीमुळे माणूस आणखी एकटा पडतो. मी फक्त विचारलं, "जगू नये असं येतं का मनात?" असं विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो, ही समजूत चुकीची आहे. तो हो म्हणाला. त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांना बोलावलं, गोळ्या सुरू झाल्या आणि रात्री भाऊ जवळ झोपायला लागला. त्या भावाचंही एक ओझं होतं. विहिरीत उतरायची पाळी त्याची होती.

आई वेगळ्याच लढाईत होत्या. सासरी वारी असली तरी त्यांचं माहेर जेजुरीच्या खंडोबाचं. वारकऱ्यांच्या घरात नवसाला थारा नसतो, पण त्या मनातल्या मनात बोलून गेल्या होत्या: चंपाषष्ठीला पोरगा स्वतःच्या पायांनी गड चढेल.

एप्रिलमध्ये एका सकाळी त्या पायावरची चादर काढत होत्या आणि पाय उडाला. गुडघ्यात वाकला, थरथरला, परत सरळ झाला. "मल्हारी पावला!" दुपारपर्यंत अख्ख्या वॉर्डात पेढे वाटून झाले. मुलगा पहिल्यांदा हसला. आणि दुसऱ्या दिवशी त्याने व्यायाम बंद केले. पाय येणारच आहेत, मग हातांनी अंग उचलायला शिकायचं कशाला?

इथे मी चूक केली. मी आईंना सरळ सांगून टाकलं की हा देव नाही, हा झटका आहे. माहिती खरी होती. इजा झाल्यावर मज्जारज्जू काही आठवडे बधिर होतो, पाय लुळे पडतात. तो बधिरपणा ओसरला की इजेखालचा भाग जागा होतो, पण मेंदूशी त्याचा संपर्क तुटलेलाच असतो. त्वचेला काही लागलं की संदेश मज्जारज्जूपर्यंत जाऊन तिथूनच स्नायूकडे परततो आणि पाय उडतो. मेंदूला त्याचा पत्ताही नसतो. हे सगळं बरोबर असूनही आई चार दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत, आणि त्यांचं रागावणं मला आज रास्त वाटतं. मी त्यांची आशा काढून घेतली आणि त्या जागी काहीच ठेवलं नाही.

त्याच चार दिवसांत कुणीतरी सांगितलं म्हणून भावाने गरम विटेचा शेक दिला. पायाला कळत नव्हतं. टाचेला फोड आले आणि ती जखम भरायला दीड महिना गेला. ज्या घरात असा पेशंट आहे त्यांनी एवढं तरी लक्षात ठेवा: जिथे स्पर्श कळत नाही तिथे गरम पिशवी, वीट, शेक काहीही नको.

मग डॉक्टर, फिजिओ, मी आणि घरचे सगळे एकत्र बसलो. डॉक्टरांनी शांतपणे सांगितलं. गुदद्वाराजवळ स्पर्श कळतो का आणि तिथला स्नायू स्वतःहून आवळता येतो का, यावरून इजा पूर्ण की अपूर्ण ते ठरतं. याची दोन्ही उत्तरं 'नाही' अशी होती. अपूर्ण इजेत बरीच माणसं पुन्हा चालतात. पूर्ण इजेत, आणि तीही इतके आठवडे उलटल्यावर तशीच राहिली असेल तर, कामापुरतं चालणं फार थोड्यांना जमतं. सुधारणा व्हायची ती बरीचशी पहिल्या सहा महिन्यांत होते, पुढे वर्षभर थोडी थोडी. "मी नाही म्हणत नाही," डॉक्टर म्हणाले, "पण त्याची वाट बघत आडवं पडून राहिलात तर जखमेचा आणि लघवीचा जंतुसंसर्ग जीव घेईल."

ही धमकी नव्हती. दुसऱ्या महायुद्धापर्यंत अशी इजा झालेली बहुतेक माणसं याच दोन कारणांनी लवकर दगावत. 1944 साली इंग्लंडमधल्या स्टोक मँडेव्हिल इथे लुडविग गुटमन यांनी दर दोन तासांनी कूस बदलण्याचा नेम घालून दिला, लघवीच्या निगेला शिस्त लावली, पेशंटना खाटेवरून उठवून खेळायला लावलं. पुढे सुरू झालेल्या पॅरालिम्पिकचं मूळ तिथलं. आपल्या पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर 1965 च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली अपंग झाले आणि 1972 मध्ये हायडेलबर्गला 50 मीटर पोहण्यात सुवर्णपदक घेऊन आले. मात्र ही गोष्ट मी पहिल्या महिन्यांत कुणालाच सांगत नाही. ज्याला अजून बसता येत नाही त्याला सुवर्णपदक दाखवलं की तो आणखी खचतो. त्यापेक्षा खुर्चीवर बसून किराणा दुकान चालवणारा आमचा एक जुना पेशंट येऊन गेला, त्याचा उपयोग जास्त झाला. त्याने खाटेवरून खुर्चीत, खुर्चीतून जमिनीवर आणि पुन्हा वर जाऊन दाखवलं. बोलला थोडंच.

खरं वळण आणलं ते ऑक्युपेशनल थेरपिस्टने, म्हणजे रोजची कामं पुन्हा करायला शिकवणारीने. बेंबीखालचं शरीर ताब्यात नसलेल्या माणसाला पहिलं मोठं काम असतं ते हाताचा टेकू न घेता बसण्याचं. धडाला तोल राहत नाही, हात उचलला की माणूस कलंडतो. हे शिकवायला आम्ही सहसा चेंडू देतो. तिने भावाला सांगून घरून पखवाज मागवला.

मांडीवर उशी ठेवली, कारण खाली दाबलेलं कळणार नव्हतं, आणि उशीवर पखवाज. त्याने डावा हात धुमेवर, म्हणजे पखवाजाच्या डाव्या तोंडावर ठेवला, उजवा पलीकडच्या शाईकडे नेला आणि आडवा झाला. दोन बाजूंना दोघं उभे होते, त्यांनी सावरलं. पुन्हा बसवलं. पुन्हा कलंडला. पंधरा मिनिटांत नऊ वेळा. दहाव्या वेळी तीन बोल निघाले. शेजारच्या खाटेवरचा एक ट्रक ड्रायव्हर, साताऱ्याकडचाच, म्हणाला, "माउली, लय मागं पडली तुमची." माउली चिडला. कुणावर तरी चिडण्याइतका जिवंत झालेला मी त्याला पहिल्यांदाच बघत होते.

तिथून घड्याळ लागलं. संध्याकाळी खुर्चीवर बसून हरिपाठ. त्याच्या आधी हात धुऊन स्वतःची नळी स्वतः घालून लघवी काढायची, दर चार ते सहा तासांनी एकदा. हे काम बायको शिकली होती, पण मी आग्रह धरला की त्यानेच करावं. नवऱ्याचं सगळं बायकोने करायचं ठरलं की काही दिवसांनी ती नर्स उरते. तिचं म्हणणं ऐकायला मी वेगळा वेळ ठेवला. तिने एकदाच, खाली बघत, नवरा-बायकोच्या नात्याचं विचारलं. सगळ्यांच्या मनात असलेला प्रश्न असतो तो, आणि त्यावर इलाज-सल्ला दोन्ही असतात.

खुर्चीत बसलं की दर अर्ध्या तासाच्या आत बुडावरचा भार काढावा लागतो. त्यासाठी चाकाला ब्रेक लावून छाती मांड्यांकडे नेत पुढे वाकायचं आणि मिनिट-दोन मिनिटं तसंच राहायचं. हरिपाठाच्या मध्यात एकदा आणि शेवटी एकदा, असं त्याने ठरवून टाकलं. लांबून बघणाऱ्याला वाटायचं, नमस्कार करतोय. मी एकदा तसं म्हणाले. "दोन्ही होतं की एकाच खेपेत," तो म्हणाला.

रात्री आरसा घेऊन पाठीची, टाचांची त्वचा तपासायची. लाल डाग दिसला आणि अर्ध्या तासात गेला नाही, तर तो जाईपर्यंत त्या जागेवर भार द्यायचा नाही. हे आयुष्यभरासाठी आहे. एकादशी चुकवायची नाही हे ज्याच्या अंगात लहानपणापासून मुरलं आहे त्याला नेम समजावून सांगावा लागत नाही. रोज करायच्या कंटाळवाण्या गोष्टींना श्रद्धा केवढं बळ देते, हे मी त्याच्याकडून शिकले. आणि तीच श्रद्धा एका तारखेवर टांगली की तारखेपर्यंतचे सगळे दिवस वाया जातात, हेही.

आईंना मी पुन्हा काही समजावलं नाही. मेच्या शेवटी, तो पहिल्यांदा कुणाच्या मदतीशिवाय खाटेवरून खुर्चीत गेला, त्या दिवशी त्या माझ्या खोलीत येऊन बसल्या. बराच वेळ पदराशी खेळत होत्या. मग म्हणाल्या, "बाई, देवाला तारीख देणारी मी कोण? तुमाला म्हणून सांगते, मी नवस मोडत नाय. तारीख तेवढी काढून घेतली."

त्या बहिणीला माझं उत्तर आता देते. ताई, डॉक्टरांना आधी विचारा की इजा पूर्ण आहे की अपूर्ण, आणि शेवटची तपासणी कधी झाली. व्हीलचेअर भावाच्या मापाची घ्या, चांगल्या गादीसकट; उसनी, मोठी खुर्ची जखमा करते. खुर्ची आल्याने पायांची सुधारणा थांबत नाही. जो मज्जारज्जू सावरणार आहे तो माणूस बसलेला असला तरी सावरतो. दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) याची चौकशी आताच करा. आईंशी वाद घालू नका, त्यांना भावाच्या दिवसातलं एक काम द्या. भाऊ गप्प झाला असेल, जेवत नसेल, तर सरळ विचारा, आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 वर बोला.

माउली चंपाषष्ठीला जेजुरीला गेला. गडाच्या पायथ्याशी खुर्चीत बसून राहिला, आई वर चढून आल्या आणि त्याच्या कपाळाला भंडारा लावला. पाय तसेच आहेत. पायांना कॅलिपर, म्हणजे आधाराच्या पट्ट्या, लावून दोन बारमध्ये रोज अर्धा तास उभा राहतो. गावात आता पखवाजाला त्याच्याकडे पाच मुलं बसतात.

गेल्या ज्येष्ठात त्याचा फोन आला. पालखीच्या वाटेवर चांदोबाच्या लिंबाजवळ होणाऱ्या रिंगणाला टेम्पोने जायचं ठरलं होतं. रिंगणाबद्दल तो काहीच बोलला नाही. नळी धुवायला स्वच्छ पाणी कुठे मिळेल आणि जिथे खुर्ची आत जाईल एवढं रुंद दार असलेला संडास वाटेत कुठे आहे, एवढंच त्याला हवं होतं. आम्ही दोघांनी मिळून तीन ठिकाणी फोन केले.