टाइल्सखालची ओल ठेकेदाराच्या माथी किती मारता येते?

प्रश्न: नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या सत्तर वर्षांच्या घरात फेब्रुवारीत ठेकेदाराने जुन्या शहाबादी फरशीवरच व्हिट्रिफाइड टाइल्स बसवल्या. सामान-मजुरीचे १,८५,००० रुपये दिले. जुलैपासून सांध्यांतून पांढरी पूड येते, टाइल्स पोकळ वाजतात. ठेकेदार म्हणतो, ‘घरच ओलं आहे.’ करार तोंडी, बोलणं व्हॉट्सॲपवर. सगळं उखडून नवीन करावं, असं आम्ही म्हणतोय; त्याच्याकडून किती मागता येईल?

उत्तर: इतक्यात सब्बल लावू नका. तुमचा मुख्य पुरावा त्या टाइल्सखालीच आहे.

आधी नळगळती नाही ना, ते बघा. रात्री सगळे नळ बंद करून मीटरचा आकडा लिहा, सकाळी ताडून पाहा. आकडा सरकला असेल तर केस वेगळीच. सरकला नसेल तर ठेकेदाराला स्पीड पोस्टाने नोटीस द्या: अमुक दिवशी इंजिनिअरसमोर दोन टाइल्स काढणार आहोत, हजर राहा. नाही आला तरी पाहणी करा. टाइल काढलेल्या जागेवर दीड फुटाचा प्लॅस्टिकचा चौकोन चारही बाजूंनी टेपने चिकटवून किमान १६ तास ठेवा. खालच्या बाजूला थेंब जमले तर ओल जमिनीतून येते आहे. हा कागद टाइलवर लावून उपयोग नाही, टाइल पाणी वर येऊच देत नाही. फोटो आणि इंजिनिअरचा अहवाल प्रतिज्ञापत्रासह ठेवा.

तोंडी करारही करारच असतो. जोत्यात ओलरोधक थर नसलेल्या घरात ओल वर चढणार, हे ठेकेदाराला कळायला हवं होतं. ते न तपासता काम उरकणं ही ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे सेवेतली त्रुटी ठरू शकते. मात्र ‘खोदकाम नको, वरच बसवा’ असं तुम्हीच लिहिलं असेल, तर तो तेच पुढे करेल. चॅट आत्ताच नीट वाचून काढा.

मागणी बेताने करा. टाइल्सचे पैसे आणि त्या काढण्याचा खर्च मागा. खोदाई, सोलिंग (दगडांचा थर), काँक्रीट, ओल अडवणारा २५० मायक्रॉनचा पॉलिथीन कागद हा खर्च पहिल्यांदा नीट काम करतानाही तुम्हालाच आला असता. तो मागितलात तर बाकीच्या मागणीवरही संशय येतो. भिंतीतल्या ओलीचंही तेच. पाहणी झाल्यावर मात्र दुरुस्ती लांबवू नका, नुकसान वाढू दिलं तर वाढीव भाग मिळत नाही.

तक्रार नागपूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात, ‘ई-जागृती’ या ऑनलाइन तक्रार पोर्टलवरूनही करता येते. दिलेला मोबदला पाच लाखांच्या आत असल्याने शुल्क नाही, वकीलही सक्तीचा नाही. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं. चॅट दाखल करताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं (इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं) प्रमाणपत्र जोडावं लागेल, म्हणून तोवर तो फोन विकू नका, फॉरमॅटही करू नका.