मेलबर्नचा वारा फिरतो तेव्हा

प्रश्न : जानेवारीत मुलीकडे मेलबर्नला होते. दुपारी पारा ४० अंशांवर होता. संध्याकाळी वारा फिरला आणि अर्ध्या तासात शाल शोधावी लागली. पाऊस मात्र थेंबभरही पडला नाही. तेथील बातम्यांत याला ‘कोल्ड फ्रंट’ म्हणत होते. आपल्या हवामान वृत्तात हा शब्द का ऐकू येत नाही? (एक वाचक, पुणे)

उत्तर : एखाद्या विस्तीर्ण भूभागावर किंवा समुद्रावर हवा बरेच दिवस रेंगाळली, की ती तेथील तापमान आणि आर्द्रता अंगी बाणवते. अशा एकजिनसी हवेच्या प्रचंड साठ्याला वायुराशी म्हणतात. दोन भिन्न वायुराशी एकमेकींना भिडल्या तरी सहजी मिसळत नाहीत. थंड हवा जड असल्यामुळे उष्ण हवेखाली पाचरीसारखी घुसते आणि तिला वर ढकलते. या तिरप्या सीमेला पहिल्या महायुद्धाच्या सुमारास नॉर्वेतील बर्गन येथे काम करणाऱ्या बियर्कनेस पिता-पुत्रांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी रणभूमीवरचे ‘फ्रंट’ हे नाव दिले. मराठीत तिला ‘सीमापृष्ठ’ही म्हणतात, पण मला ‘आघाडी’ अधिक रुचते.

मेलबर्नच्या उत्तरेला ऑस्ट्रेलियाचा तापलेला, कोरडा अंतर्भाग आहे आणि दक्षिणेला थंड महासागर. थंड हवेची आघाडी, म्हणजेच ‘कोल्ड फ्रंट’, येण्यापूर्वी उत्तरेचा वारा वाळवंटी हवा शहरावर आणतो. ती ओलांडून गेली की वारा नैर्ऋत्येचा होतो आणि पारा कोसळतो. वर ढकलली गेलेली हवाच कोरडी असेल, तर ढग कशाचे बनणार? तुम्हाला पाऊस दिसला नाही तो बहुधा यामुळेच. हा गारवा सुखाचाच असतो असेही नाही. ७ फेब्रुवारी २००९ रोजी तेथे ४६.४ अंश तापमान नोंदले गेले. उत्तरेच्या वाऱ्याने लांबट पट्ट्यात पसरलेल्या वणव्यांची एक अख्खी बाजू, वारा फिरताच, आगीचे नवे तोंड बनली. त्या वणव्यांत १७३ माणसे दगावली.

महाराष्ट्र उष्ण कटिबंधात असल्यामुळे येथे शेजारी येणाऱ्या हवांच्या तापमानात एवढी तफावत क्वचितच असते. फरक असतो तो मुख्यतः ओलाव्याचा. शिवाय आपल्याकडची गाठभेट पुष्कळदा शेजारी-शेजारी न होता वर-खाली होते. भूमध्य समुद्राकडून येणाऱ्या पश्चिमी विक्षोभांच्या, म्हणजे कमी दाबाच्या प्रणालींच्या, प्रभावाने उंचावर थंड, कोरडे वारे वाहत असताना खालून समुद्रावरची दमट हवा आत शिरली, की वातावरण अस्थिर होते आणि गडगडाटी ढग उभे राहतात. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये विदर्भ-मराठवाड्यात उभी पिके झोपवणारी गारपीट अशाच भेटीतून झाली. म्हणून आपल्या वृत्तांत ‘पश्चिमी विक्षोभ’, ‘वाऱ्यांची खंडितता’ (वाऱ्याची दिशा वा वेग जिथे एकदम बदलतो तो पट्टा) असे शब्द येतात.

थंडीची लाट उत्तरेकडून येते खरी, पण जमिनीवरून शेकडो किलोमीटर येताना, दिवसाचे ऊन खात, तिची धार बोथट होते. त्यामुळे मेलबर्नला अर्ध्या तासात होणाऱ्या बदलाला नागपुरात बहुधा दोन-तीन रात्री लागतात.