लाइन कोच व्हायचंय? घर भाड्यानंच घे

अमेरिकन फुटबॉलमध्ये समोरच्यांना अडवणारी पाच जणांची फळी म्हणजे लाइन. तिचा कोच व्हायचं तर आधी एखाद्या कॉलेजात ग्रॅज्युएट असिस्टंटची, म्हणजे कोचच्या शिकाऊ मदतनीसाची, जागा धर. पैसे जेमतेम, काम ढीगभर. मध्यरात्रीपर्यंत सामन्यांचे व्हिडिओ बघत बसायचं. पण कोणाच्या हाताखाली राबतोस, ते नीट बघ. कर्क फेरेंट्झ १९८० साली पिट्सबर्ग विद्यापीठात तिथले लाइन कोच जो मूर यांच्या हाताखाली असाच होता. पुढच्याच वर्षी तो आयोवा विद्यापीठात लाइन कोच झाला, आणि १९९९ पासून तिथला मुख्य कोच.

पाच धिप्पाड पोरांची पावलं एका तालात पाडायची, एवढंच काम. कोणी कोणाला अडवायचं, ही सेंटरची, म्हणजे मधल्या खेळाडूची, हाक चुकली की पाचही फसले. म्हणून पहिलं पाऊल, हातांची जागा, कंबर खाली. रोज तेच घोटून घे.

मुख्य कोचची गच्छंती झाली की बहुधा आपलंही चंबूगबाळं आवरायचं. हे बायकोला लग्नाआधीच सांग.